गुलमर्गचा बर्फ, कोकणच्या मापाने

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्की शिकायला गुलमर्गला जाऊ नका. नाताळची सुट्टी असते, सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत ट्रॅव्हलवाल्यांच्या फलकांवर त्याच तारखा झळकतात, आणि नेमका तेव्हाच तिथला बर्फ सगळ्यांत बेभरवशाचा असतो. नजरेला पांढरंशुभ्र दिसतं, फोटो झकास येतात, पण स्कीखाली वीतभर थर आणि त्याखाली दगड नि झुडपांची खुंटं. तेच गुलमर्ग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत जगातल्या नामांकित बर्फाळ डोंगरांच्या पंगतीला मान वर करून बसतं. फरक जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. हे परीक्षण मुख्यतः त्या फरकाचं आहे. हॉटेलं, खाणं, भाड्याचं सामान त्याच्या मागून.

आधी जागा समजून घेऊ. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल रांगेत, श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवर. गावाचं मैदान २,६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून (१,६४६ मीटर) हजार मीटर वर. मागे अफरवटचा डोंगर. त्यावर जाणारी केबल कार, जिला सगळे गोंडोलाच म्हणतात, दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, तो गावातून कोंगडूरीला सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा २००५ पासून आहे, तो अफरवटच्या खांद्यावर ३,९५० मीटरच्या आसपास सोडतो. कोंगडूरीहून बाजूला एक चेअरलिफ्टही जाते. फरची झाडी कोंगडूरीच्या थोडं वरपर्यंत, त्यापुढे उघडा डोंगर. हा झाडीचा मुद्दा लक्षात असू द्या, खराब हवेत तोच कामाला येतो.

बर्फ येतो कुठून

आपला पाऊस नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीला धडकून कोकणात सांडतो. तिथला हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळी वादळं, इराण-अफगाणिस्तानावरून सरकत येतात आणि हिमालयाच्या रांगांवर चढताना ओलावा टाकतात. डोंगराने ढग अडवायचा आणि रिकामा करायचा, हे तंत्र दोन्हीकडे तेच.

वेळापत्रक मात्र अजिबात तेच नाही. मिरग लागला की आपल्याकडे चार महिन्यांची खात्री असते. मध्ये दडी मारली तरी पाऊस परत येतो. पश्चिमी विक्षोभ हप्त्याहप्त्याने येतात. एक आला, दोन दिवस ओतून गेला. पुढचा चार दिवसांनी येईल किंवा तीन आठवड्यांनी. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याचा बहुतेक काळ कोरडा गेला आणि तपकिरी गवताचं गुलमर्ग देशभर फोटोंत फिरलं. महिना संपताना बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीत तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पार पडल्या. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, त्याच स्पर्धा बर्फाअभावी २२ फेब्रुवारीवरून ९ मार्चवर ढकलाव्या लागल्या. म्हणजे फेब्रुवारीसुद्धा दगा देतो. पण डिसेंबर जितका देतो त्याच्या पावपटही नाही.

प्रमाणाचा एक हिशोब. १० मिलिमीटर पाण्याचा साधारण १० सेंटिमीटर ताजा बर्फ होतो; हवा फार थंड आणि कोरडी असली तर १५ सेंटिमीटरही. रत्नागिरीत जुलैच्या दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर शेजारीसुद्धा त्याची बातमी करत नाही. तेवढंच पाणी गुलमर्गला उतरलं तर मीटरभर बर्फ होतो, रस्ता बंद, गोंडोला बंद, वीज गेलेली. त्यामुळे हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राच्या अंदाजात मिलिमीटरचे आकडे किरकोळ दिसले तरी हसू नका, दहाने गुणा.

बर्फ हातात घेऊन बघा

कोकणी माणसाला बर्फ ठाऊक आहे तो मासळीच्या क्रेटमधला. मिरकरवाड्याच्या जेटीवर लादी फोडून भरतात तो चुरा: कडक, जड, धारदार. नुकत्याच पडलेल्या हिमाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मराठीत दोन्हींना बर्फच म्हणायची सवय आहे, म्हणून पहिल्या दिवशी गोंधळ होतो.

परीक्षा सोपी आहे. हातमोज्यातच मूठभर बर्फ घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर गोळा न होता कोरड्या पिठीसारखा बोटांतून निसटला, तर तो थंड, कोरडा, पावडर म्हणतात तो. याच्यासाठी परदेशांतून लोक गुलमर्गला येतात. गोळा घट्ट बसला, तर हवा शून्याच्या जवळ आली आहे. शिकणाऱ्यांना हा बरा, स्की फार पळत नाही. मुठीतून पाणी ठिबकलं, तर तो ओला, जड बर्फ. यात वळताना स्की अडकते आणि गुडघा पिळवटतो. चौथा प्रकार मुठीत येतच नाही, कारण तो खरवडावा लागतो: दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला कडक पापुद्रा. क्रेटमधला चुरा रात्रभर राहिला की सकाळी ढेकूळ होऊन बसतो ना, अगदी तसा. मार्चमध्ये सकाळी नऊला तुम्ही याच ढेकळावर उभे असता आणि स्कीच्या कडा बोथट असतील तर उभेही राहता येत नाही.

अफरवटचा स्कीचा उतार ईशान्येकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात त्याला सकाळचं तिरकं ऊन मिळतं आणि दुपारनंतर सावली, म्हणून तिथे पावडर दिवसेंदिवस कोरडी टिकते. शिवाय उंचीचा फायदा. साधारण हजार मीटरला साडेसहा अंश या हिशोबाने गावापेक्षा वरचं स्टेशन आठ-नऊ अंशांनी थंड असतं. गावात चिखलपाणी आणि ओली सर पडत असेल, तेव्हा कोंगडूरीला बहुतेक वेळा नीट बर्फ पडत असतो. खालची हवा बघून दिवस सोडून देणारे म्हणूनच फसतात.

महिन्यांचा पंचांग

नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ पडतो आणि वितळतो. डिसेंबरचा पूर्वार्ध नशिबाचा खेळ. २१ डिसेंबरपासून काश्मिरी लोकांचा चिल्ला-ए-कलान सुरू होतो, ४० दिवसांचा कडाका, ३० जानेवारीपर्यंत. मग २० दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द, आणि शेवटी १० दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. आपल्याकडे नक्षत्रांवरून पावसाचा अंदाज बांधतात तसाच हा तिथला हिशोब. स्कीवाल्यासाठी त्याचा अर्थ असा लावा: मोठा चिल्ला थर बांधतो, लहान चिल्ला तो थर वापरायला देतो.

जानेवारीत गावात दिवसा शून्याच्या आसपास आणि रात्री उणे ५ ते उणे १०, कधी त्याहून खाली. बर्फ सगळ्यांत कोरडा, पण थर अजून पातळ असू शकतो आणि दिवस लहान. फेब्रुवारीत चांगल्या वर्षी वरच्या भागात दोन मीटरच्या वर थर असतो, दगड-झुडपं पार गाडली जातात, वादळं येत राहतात आणि मधल्या निरभ्र दिवसांत ऊनही मिळतं. मार्चचा पहिला पंधरवडा अजून चांगला, फक्त घड्याळ सांभाळा: दहा-साडेदहाला वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा पापुद्रा मऊ होतो तेव्हा सुरू करा आणि साडेबारापर्यंत आटपा. त्यानंतर नुसता लगदा. मार्चात खोऱ्यात पाऊसही भरपूर असतो, श्रीनगरचा तो सगळ्यांत ओला महिना. त्यामुळे गावातल्या शिकण्याच्या उतारावर पावसाचं पाणी पडून बर्फाची खीर होते. एप्रिलमध्ये स्की फक्त वर, तीही तुकड्यातुकड्यांत.

आंबा बागायतदाराला फेब्रुवारी म्हणजे मोहोराच्या फवारण्यांचा महिना, आणि दहावी-बारावीची मुलं घरात असली तर विषयच संपला. खरं आहे. पण बर्फ हापूसची सोय बघून पडत नाही.

वादळाचं चक्र आणि बंद गोंडोला

गुलमर्गबद्दल सगळ्यांत जास्त तक्रार असते ती दुसरा टप्पा बंद असण्याची. तक्रार करणाऱ्यांना तिकिटाचे पैसे दिसतात, वारा दिसत नाही. खाली पान हलत नसताना वरच्या उघड्या खांद्यावर झोडपणारा वारा असू शकतो आणि लोंबकळत्या केबिनला वाऱ्याइतका धोका कशाचाच नाही. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड तारेवर कोसळून सात जणांचा जीव गेला, तो तर पहिल्या टप्प्यावर. त्यामुळे टप्पा बंद ठेवला म्हणून कमी गुण देणं आम्हाला पटत नाही. रांगेची शिस्त आणि सूचना देण्याची पद्धत मात्र कच्ची. टप्पा उघडणार की नाही हे सकाळी साडेनऊ-दहापर्यंत नक्की कळत नाही आणि तोवर दोन-दोनशे माणसं थंडीत उभी. तिकिटं ऑनलाइन काढायची असतात आणि गर्दीच्या दिवसांत आधीच संपतात, म्हणून तारीख ठरली की पहिलं काम तिकीट.

वादळाचा क्रम बहुतेक वेळा असा जातो. आदल्या दिवशी उंचावर पातळ ढगांची जाळी येते, सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. आपल्याकडची जुनी माणसं चंद्राला खळं बघून पावसाचं बोलतात. तिथेही ते चालतं, कारण खळं पाडणारे उंच ढगच विक्षोभाच्या पुढे धावत असतात. मग एक ते तीन दिवस बर्फ. दुसरा टप्पा बंद, कधी पहिलाही. नंतर आकाश फाटतं, निळंभोर होतं आणि सगळ्यांना वाटतं आज वर जाऊ. त्या दिवशी सकाळी स्की पेट्रोल (उतारांवर गस्त घालणारं पथक) वरच्या उतारावर स्फोटकं लावून सैल थर मुद्दाम पाडत असतो. ते काम संपल्याशिवाय टप्पा उघडत नाही, आणि वर वारा असला तर दिवसभर उघडतच नाही. म्हणजे तीन दिवसांच्या वादळाला चार-साडेचार दिवस धरायचे. चार रात्रींचं पॅकेज घेऊन गेलेला माणूस सगळा वेळ खिडकीतून बर्फ बघून परततो, तो असा.

वादळातले दिवस पूर्णपणे वाया जातातच असं नाही. पहिला टप्पा चालू असेल तर झाडीतून खाली या. उघड्या डोंगरावर ढगात सगळं पांढरं होतं, जमीन आणि आभाळ यांची सीमा पुसली जाते, उंचवटा की खड्डा कळत नाही. स्कीवर थांबलेला माणूस जागेवरच पडतो, कारण आपण थांबलो आहोत हेच त्याला समजत नाही. झाडांच्या काळ्या खोडांमुळे नजरेला आधार मिळतो. नवख्यांनी मात्र झाडीत शिरू नये. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी असते, तीत डोक्यावर पडलेला माणूस एकट्याने बाहेर येऊ शकत नाही.

बावट्याचा नंबर

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर ओढतात, कोणी वाद घालत नाही. हिमस्खलनाच्या धोक्याचीही एक ते पाच अशी पातळी असते आणि स्की पेट्रोल ती रोज जाहीर करतो. गंमत अशी की तिथे तीन नंबर असताना लोक निर्धास्त वर जातात, 'पाचातला तीन, म्हणजे मधला' असं म्हणत. जगभर जीवघेण्या अपघातांतला मोठा वाटा याच तीन नंबरच्या दिवसांत येतो. चारला सगळे घाबरून खाली बसतात, तीनला ऊन पडलेलं असतं.

गुलमर्गला दुसऱ्या टप्प्याच्या समोरची मुख्य परातीसारखी बाजू, जिला गोंडोला बोल म्हणतात, तेवढीच पेट्रोल सांभाळतो. त्या हद्दीच्या दोरीपलीकडचा सगळा डोंगर ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन. दोन्ही वेळा नुकता बर्फ पडून गेला होता. बर्फाचा थर तुटतो तो ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, आणि सगळ्यांत वाईट काळ म्हणजे मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस, किंवा वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला थापला असेल तेव्हा. जानेवारी कोरडा गेला की धोका घटत नाही, वाढतो. पातळ थरात कडाक्याच्या थंडीने आतले कण साखरेसारखे सुटे होतात आणि फेब्रुवारीचा जड बर्फ त्या साखरेवर येऊन बसतो. गवंड्याला विचारा, वाळूच्या थरावर स्लॅब टाकला तर काय होईल.

दोरीपलीकडे जायचंच असेल तर प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठिकाणा कळवणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि चाचपणीची काठी हवी, सोबत नोंदणीकृत गाइड हवा. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर जगण्याची आशा चांगली, पुढे ती झपाट्याने कोसळते. बाहेरून मदत येईपर्यंत ती पंधरा मिनिटं गेलेली असतात. पहिल्या-दुसऱ्या खेपेच्या कोकणी कुटुंबाला यातलं काही करायची गरज नाही. ते ज्या दोरीच्या आत आहेत, तिथे राहावं.

सामान भाड्याने घेताना

दुकानात पहिली पाच मिनिटं बुटांवर घालवा, स्कीच्या रंगावर नाही. स्कीचा बूट सेंटिमीटरमध्ये मोजतात: पाऊल २६ सेंटिमीटर असेल तर २६ किंवा २६.५. मोजा एकच, पातळ, लांब, लोकरीचा. थंडी म्हणून दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतो. हे सांगूनही दहातले आठ जण दोन घालतातच. पाय आत सरकवा, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, आधी घोट्याजवळची बक्कल लावा, मग वरच्या, पुढच्या पंजावरच्या सगळ्यांत शेवटी आणि सैल. उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकलेली वाटली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की बोटं किंचित मागे सरकून सुटली पाहिजेत. वाकल्यावर टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदला. पँटची किंवा थर्मलची घडी बुटात अडकली तर संध्याकाळपर्यंत नडगीवर जांभळा वळ.

मग बायंडिंग. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या या कुलपावर पुढे-मागे आकडे असलेली खिडकी असते. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कसब यांवरून तो आकडा लावतात. ७० किलोच्या नवख्याला साधारण ५ च्या आसपास. आदल्या गिऱ्हाइकाचा आकडा ८ किंवा ९ वर तसाच ठेवून स्की हातात देणारी दुकानं आहेत. असा घट्ट बायंडिंग पडताना सुटत नाही, मग गुडघ्याचा अस्थिबंध सुटतो. खिडकीत बघा, स्क्रू फिरवून मागा. स्कीची लांबी नवख्याला हनुवटी ते नाक. कडा नखावर ओढून बघायची: नखाचा किस निघाला तर धार आहे. हेल्मेट मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही.

घाटाच्या पायथ्याच्या टंगमर्गला आणि गावातही लांब कोट नि गमबूट भाड्याने मिळतात. ते फिरण्यापुरते ठीक. गमबुटात भातलावणी होते, बर्फातला दिवस निघत नाही. रबर थंडी थेट तळव्याला पोचवतं.

कपड्यांत आपली सवय आडवी येते. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबल्या क्षणी अंग गोठवतं. आपला पावसाळी रेनकोटही नको, बाहेरचं पाणी अडतं पण घाम आत साठतो. आत लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल, मध्ये फ्लीस, बाहेर पाणी अडवून घाम सोडणारं जॅकेट. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. जुने शेतकरी पावसात इरल्याखाली घोंगडी घेत, त्यामागचं शास्त्र हेच. उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असला तर अंगाला उणे २० वाटतं, आणि वरच्या स्टेशनला हे रोजचं आहे. बोटांची टोकं, नाक, कानाची पाळी पांढरी आणि बधिर झाली तर बर्फाने चोळू नका, शेकोटीत हात धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. काखेत हात घाला किंवा कोमट पाण्यात बुडवा.

गॉगल घामट कपाळावर चढवून ठेवला की आतून धुकं धरतो, मग पुसून उपयोग नाही, पुसताना आतला लेप जातो. गळ्यात सोडा. ऊन तर फसवंच: ताजा बर्फ सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत वर फेकतो, म्हणजे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही भाजतं. मालवणच्या किनाऱ्यावर दिवसभर उघडं फिरणाऱ्याची कातडीसुद्धा इथे सोलून निघते. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन बसते. आणि प्रीपेड सिम बाहेरच्या राज्यातलं असेल तर तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

शिकण्याचा दर्जा

शिकण्याचा उतार गावातच, गोल्फच्या मैदानाच्या बाजूला, लहान ओढलिफ्ट असलेला. पहिला दिवस चालणं, आडवं चढणं, पडणं आणि उठणं यात जातो, त्याबद्दल कुरकुरू नका. दुसऱ्या दिवशी नांगर: स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, आतल्या कडा बर्फात. इंग्रजीतही त्याला नांगरच म्हणतात. वेग आवरतो तो शेपट्या रुंद केल्याने, मागे झुकल्याने नाही. पण उतार दिसला की नवखा माणूस भीतीने मागे रेलतो, पुढची टोकं हलकी होतात आणि स्की सुटलेल्या बैलासारखी पळते. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून ठेवा, हात पुढे, नजर दहा पावलं लांब. ओढलिफ्टच्या दांड्यावर बसायचं नसतं, ती फक्त ओढते. बसला की पडला, आणि मागच्या चौघांना घेऊन पडला.

इन्स्ट्रक्टरचं कार्ड मागा. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची आयआयएसएम ही स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, तिचे निवासी अभ्यासक्रम सुट्ट्या इन्स्ट्रक्टरपेक्षा स्वस्त आणि शिस्तीचे पडतात. जागा मात्र लवकर भरतात. सुट्टा माणूस घेतलात तर दर, तास आणि किती जणांना मिळून तो शिकवणार हे आधी ठरवा. दोन दिवस झाले की कोंगडूरीहून खाली आणतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा, चार-पाच दिवस तरी हवेत. दुसऱ्या टप्प्यावरून नवख्यांना झेपेल अशी वाटच नाही. स्नो बीटर यंत्राने दाबून सपाट केलेले उतार एकूणच कमी. ज्यांना गुळगुळीत वाट हवी त्यांच्यासाठी हा डोंगर नव्हे.

राहणं, दम, वाट

खोलीबद्दल एकच प्रश्न विचारा: रात्री किती वाजेपर्यंत हीटिंग चालतं? 'सेंट्रल हीटिंग' या शब्दात अकरा वाजता बंद होणारी यंत्रणाही बसते. लाकडाची बुखारी किंवा गॅसचा हीटर असेल तर खिडकीची फट उघडी हवी, बंद खोलीत साठणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. नळ रात्री थेंबथेंब सुरू ठेवायला सांगतील, तो त्यांचा आळस नाही. वाहतं पाणी नळीत लवकर गोठत नाही. छपरावरून लोंबणाऱ्या पागोळ्या आपल्याकडच्यासारख्या गळत नाहीत, गोठून हात-हात लांब भाले होतात. दुपारी ऊन लागलं की सुटतात. वळचणीखाली उभं राहायचं नाही. जेवणात भात दोन्ही वेळ, त्यामुळे आपली माणसं उपाशी राहत नाहीत. मासे म्हणाल तर ट्राउट, कालवणात घालायचा विचार सोडून तळूनच खावा.

समुद्रसपाटीवरून आलेल्याला उंची लागते. गावात हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण ७२ टक्के, वरच्या स्टेशनला ६० टक्क्यांच्या थोडा वर. गावात दोन रात्री काढल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नका. वर गेल्यावर डोकं ठणकलं, मळमळलं तर गोळी घेऊन थांबण्यापेक्षा खाली या. हृदयाचा, दम्याचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. विम्याची पॉलिसी वाचा, स्कीइंग बरेचदा वगळलेलं असतं.

जाण्याच्या वाटेत आपल्याला अभिमानाची एक जागा आहे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते, आणि त्या मार्गावरचा नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच चिनाब पूल कोकण रेल्वे महामंडळाने उभा केला. रत्नागिरीहून दिल्लीपर्यंत राजधानी किंवा मंगला, पुढे कटरा, तिथून तीन तासांत श्रीनगर. वेळ लागतो, पण जानेवारीत श्रीनगरचं विमान धुक्याने किंवा बर्फाने रद्द होतं तेव्हा हा पर्याय हाताशी असतो. विमानच घ्यायचं तर दुपारचं घ्या, सकाळचं धुकं तोवर उठतं. टंगमर्ग ते गुलमर्ग १३ किलोमीटरचा घाट ताज्या बर्फात साखळी लावलेल्या किंवा चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांनाच खुला असतो. श्रीनगरहून आणलेला ड्रायव्हर टंगमर्गला सोडून देईल आणि तिथून स्थानिक गाडी करावी लागेल. तो खर्च बजेटात आधीच धरा.

दिवसांची मांडणी आमच्या मते अशी: गुलमर्गात सात रात्री, त्यांतले पाच दिवस स्कीचे धरायचे, आणि परतीच्या विमानाआधी श्रीनगरात आणखी एक मोकळी रात्र. चार रात्री पुरतील असं कोणी म्हटलं तर त्याला विचारा, वादळ आलं तर पैसे परत देणार का.

उत्तराखंडातल्या औलीबद्दल विचारणारे असतात. तिथला शिकण्याचा उतार गुलमर्गपेक्षा सोपा आणि छान, पण उंची ३,००० मीटरच्या आसपासच संपते, म्हणून कमी बर्फाच्या वर्षी फटका लवकर बसतो. कृत्रिम बर्फाची यंत्रं आहेत, तीही हवा थंड आणि कोरडी असली तरच चालतात. जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर बंद झाला. जाण्याआधी सद्यःस्थिती विचारून घ्या.

आणि मे महिन्यात मुलांना बर्फ दाखवायला जाणाऱ्यांसाठी: बर्फ मिळेल, पण फक्त दुसऱ्या टप्प्यावर, दाणेदार, मळका, क्रेटमधल्या उरलेल्या चुऱ्यासारखा. स्की भाड्याने घेऊ नका, स्लेजचा दर चढण्याआधी ठरवा, आणि दुसऱ्या टप्प्याचं तिकीट आधी हातात आल्याशिवाय श्रीनगरहून गाडी काढू नका.